आमच्या घरचं अन्नसुरक्षा खातं

डोंबिवलीतल्या वन बीएचकेत माणसं किती मावतात, हा प्रश्न गणपतीत येणाऱ्या पाहुण्यांनी केव्हाच निकालात काढला आहे. तिथे धान्य किती मावतं, हे शोधून काढण्याचं काम मात्र आमच्या ह्यांनी अंगावर घेतलंय. दिवाणाच्या पोटात तांदूळ, माळ्यावर तेलाचे डबे, वॉशिंग मशीनच्या मागे साखर आणि देवघराखालच्या कप्प्यात, थेट देवाच्या देखरेखीखाली, तूरडाळ. सोफ्यावर ऐसपैस बसून "घर किती सुटसुटीत ठेवलंय हो तुम्ही" म्हणणाऱ्या पाहुण्यांना आपण पोह्यांवर बसलो आहोत याची कल्पना नसते.

ह्यांचा जगावर राग नाही, फक्त भरवसा नाही. जगात कुठेही खुट्ट झालं की ह्यांच्या मोबाइलवर ‘वेळीच सावध व्हा’ असा मेसेज येतो आणि हे वेळीच पिशव्या घेऊन बाहेर पडतात. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आपल्याकडचं बरंचसं सूर्यफूल तेल युक्रेनमधून यायचं, त्यामुळे चिंता अगदीच हवेतली नव्हती. अडचण एवढीच, की आमच्या घरात सूर्यफूल तेल कुणी खात नाही. सासूबाईंना शेंगदाण्याचंच लागतं. तरी घरात डबे आले ते सूर्यफुलाचे.

"अहो, पण हे आपण वापरत नाही," मी म्हटलं.

"अगं, टंचाई ह्याचीच आहे!" हे म्हणाले.

या उत्तरातच घबराटीच्या खरेदीचं सगळं शास्त्र आलं. जे लागतं ते नाही आणायचं. जे मिळणार नाही म्हणतात ते आणायचं.

सासूबाईंचं शास्त्र वेगळं. त्यांचं माहेर ठाण्याचं, जांभळी नाक्याच्या बाजारात आईचं बोट धरून वाढलेल्या. टंचाई त्यांनी मोबाइलवर नाही, ताटात पाहिली आहे. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या घरी ते सोडलं गेलं. अमेरिकेहून आलेला पीएल 480 चा गहू त्यांनी रेशनच्या रांगेत उभं राहून आणला. 1972 च्या दुष्काळात लाल मिलो ज्वारी आली. तिच्या भाकरीबद्दल त्या आजही चांगलं बोलत नाहीत. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या मोर्चांत बायका थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. सासूबाईंच्या आईही एकदा गेल्या होत्या. ते लाटणं आमच्याकडे आहे आणि अजून पोळ्या गोल करतं.

अशा माणसाने खरं तर ह्यांच्या दुप्पट साठा करायला हवा. पण सासूबाईंचा साठा ऋतू बघून होतो, बातम्या बघून नाही. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू येतो, गच्चीवर ऊन खातो, मग कडुलिंबाचा पाला घालून पिंपात जातो. तूरडाळीला एरंडेलाचा हात, तांदळाला बोरिक पावडर. वर्षाचा मसाला डंकावर कुटून येतो. कुरडया, सांडगे, पापड गच्चीत वाळतात आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायला सोसायटीतली परीक्षा संपलेली पोरं बसतात; राखणीचा मोबदला ओल्या कुरडयांत मिळतो. त्यांचा नियम एकच: "रोज शिजतं तेच भरावं, आणि आपल्या हातानं ऊन दाखवता येईल तेवढंच भरावं." या नियमात सूर्यफूल तेल कुठेच बसत नाही. ह्यांचे बाकीचे पराक्रमही बसत नाहीत.

उदाहरणार्थ, मीठ. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी झाली. त्याच आठवड्यात शुक्रवारी, 11 तारखेला, देशभर अफवा उठली की मीठ संपलं, किलोला दोनशे-चारशे रुपये झाले. माणसं एटीएमसमोर दोन हजारांसाठी तिष्ठत होती, शंभराची नोट सापडली तर तिची दृष्ट काढावी असे दिवस. घरातल्या तशा जपून ठेवलेल्या नोटा घेऊन हे गेले आणि मीठ घेऊन आले. मीठ तयार करण्यात भारताचा नंबर जगात तिसरा. ते राहू द्या, मीठ पिकवणारा गुजरात लांब आहे. पण मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरं तर आपल्या दारात! पूर्व द्रुतगती मार्गाने मुंबईला जाताना खिडकीतून दिसतात. केंद्रीय मंत्री रामविलास पासवान सांगत होते, मीठ भरपूर आहे. ह्यांचं म्हणणं, "मंत्री भरपूर आहे म्हणतोय, म्हणजे नक्कीच संपलंय." ते मीठ आमच्याकडे अजून आहे. मिठाला कीड लागत नाही हा त्याचा गुण मानावा की दोष, ते मला ठरवता आलेलं नाही.

मग आला 2020 चा मार्च. 24 तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. राज्यात संचारबंदी आधीच लागलेली, लोकल बंद झालेल्या. किराणा, दूध, भाजी चालू राहणार होती, पण भाषण संपायच्या आत मानपाडा रोडवर सगळं डोंबिवली उतरलं होतं. गर्दी करू नका, हा संदेश इतक्या मोठ्या गर्दीने एकत्र येऊन पूर्वी कधी ऐकला नसेल. कुणाच्या हातात चक्का, कुणाच्या खांद्यावर कणकेची गोणी, आणि साखरेच्या गाठी घ्यायला आलेले एक आजोबा लोंढ्यात सापडून थेट तेलाच्या काउंटरपर्यंत पोचलेले. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठना दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "माल संपला का हो?" ते शांतपणे म्हणाले, "माल संपला नाही, ताई. माल तुमच्या सगळ्यांच्या घरी आला."

अर्थशास्त्राच्या पुस्तकात याहून वेगळं काही नसावं. दुकानदार कुणी वर्षाचा माल मांडून बसत नाही. चार-आठ दिवसांचा ठेवतो, पुढचा वाशीहून, कल्याणच्या बाजार समितीतून येत राहतो. प्रत्येकाने एकेक गोणी जास्त उचलली की फळी रिकामी. रिकामी फळी बघून पुढचा माणूस दोन गोण्या उचलतो आणि तिसरा तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. तो फोटो ह्यांना येतो.

त्या टाळेबंदीत आमचं कोठार शेवटी कामाला येणार, म्हणून हे खुशीत होते. गहू होता, भरपूर होता. पण आमच्या आळीतला गिरणीवाला गावी निघून गेला होता. सासूबाईंनी गहू भिजवून खीर केली, मग घुगऱ्या केल्या, मग पुन्हा खीर केली. घरात टंचाई झाली ती हिरव्या मिरच्यांची, कोथिंबिरीची आणि आल्याची. या गोष्टी माळ्यावर साठवता येत नाहीत, हे ह्यांना फार लागलं. 2 जुलैपासून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी लागली, आधी 12 तारखेपर्यंत, मग 19 पर्यंत. त्या वेळी हे पहाटेच गेले आणि मिरच्या घेऊन आले. किती, ते विचारू नका. त्या वर्षी आमच्या अख्ख्या मजल्याने ठेचा खाल्ला.

साठा करणाऱ्याला निसर्गही विचारत नाही. कल्याणला वालधुनीजवळ आमच्या मावशी तळमजल्यावर राहायच्या. 26 जुलै 2005 ला पाणी आलं आणि वर्षाचं धान्य पिंपासकट तरंगलं. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई रोजचं रोज आणून खाणाऱ्या, मावशींच्या मते अगदीच बेफिकीर. त्या रात्री मावशींना गरम पिठलं-भात त्यांनीच वाढला. तेव्हापासून मावशी सांगतात, "धान्याचं पिंप एक वेळ नसलं तरी चालेल, दुसऱ्या मजल्यावर मैत्रीण हवी."

हा आजार परदेशात गेलं म्हणून बरा होतो असंही नाही. 20 जुलै 2023 ला सरकारने देशातले भाव आवरायला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत झुंबड उडाली. न्यू जर्सीहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, सोना मसुरी मिळाली!" आवाज ग्रीन कार्ड मिळाल्याचा. कोलमाशिवाय घास न उतरणारी ही मुलगी आता सोना मसुरीच्या पोत्यांना ‘आपला तांदूळ’ म्हणत होती. ह्यांचे डोळे भरून आले. बहीण भावावर गेली होती. सप्टेंबर 2024 मध्ये बंदी उठली. पोती तिच्या तळघरात अजून आहेत.

ह्यांना समजवायचा मी एकदा सरकारी मार्गही वापरला. "अहो, दर 1 जुलैला केंद्राच्या साठ्यात गहू आणि तांदूळ मिळून 411 लाख टनांहून जास्त असायला हवा, असा निकष आहे."

"तो सरकारचा," हे म्हणाले. "आपला किती?"

1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे, पण त्याखाली साठ्याची मर्यादा घालतात ती व्यापाऱ्यांवर. नवऱ्यांवर मर्यादा घालण्याची तरतूद त्यात नाही. ती पोकळी आमच्याकडे सोंडे भरून काढतात. पावसाळ्याची दमट हवा लागली की रव्यात अळ्या, डाळीत टोके, तांदळात सोंडे निघतात आणि त्यांनी मात्र कुठलाही मेसेज वाचलेला नसतो. श्रावणात एखादं ऊन पडलं की सासूबाई लेकाला हाक मारतात, "अरे, तुझं कोठार काढ बाहेर." मग हे दिवसभर गच्चीत बसून निवडतात, चाळतात, पाखडतात. जे वाचतं त्याची सासूबाई भाजणी करतात आणि सोसायटीत घरोघर वाटतात. आमच्या इमारतीत थालीपीठ लागलं की सगळ्यांना कळतं, मागच्या वर्षी कुठलं संकट टळलं.

माझं मत विचाराल तर घरात महिनाभराचं सामान असावं. रोज शिजणारं असावं, आणि तळमजल्यावर राहत असाल तर उंचावर असावं. त्यापुढचं सगळं सोंड्यांसाठी असतं. तेव्हा पुढच्या वेळी ‘वेळीच सावध व्हा’ आलं की पुढे पाठवू नका. आधी घरातला रवा चाळून घ्या. आणि मिठाचीच काळजी वाटत असेल तर दुकानात रांग लावू नका, आमच्याकडे डोंबिवली पूर्वेला या. पिशवी मात्र घरून आणा.