खडीची सायकल : पहिल्यांदाच जोडणाऱ्यांसाठी

सुरुवातीलाच घरच्यांना विश्वासात घेऊ नका. ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हटलं की किंमत विचारतात, आणि किंमत ऐकली की अंगणातल्या मोटारसायकलकडे बोट दाखवतात. त्यापेक्षा “वडिलांची सायकल जरा नीट करतोय” म्हणावं. खोटंही नाही. माळ्यावरची अ‍ॅटलस खाली घ्यायची, सांगाडा ठेवायचा, बाकी सगळं बदलायचं.

सांगाडा पोलादीच हवा. जुन्या सायकलीत मागचं चाक जिथे बसतं ती फट जेमतेम 11 सेंटिमीटर; गिअरच्या हबला तेरा-साडेतेरा लागतात. पोलादी नळ्या दमादमाने फाकवता येतात, अ‍ॅल्युमिनियमच्या तडकतात. मी फाकवल्या तेव्हा एक बाजू जास्त गेली आणि सायकल आठवडाभर बैलासारखी डावीकडे ओढत राहिली. शेवटी पंक्चरवाल्या काकांनी पुढच्या नळीपासून मागच्या दोन्ही टोकांना वळसा घालून दोरा ताणला, सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर बोटाने मोजलं आणि म्हणाले, “अर्धं बोट.” तेव्हा आधी दोरा, मग ताकद.

टायरचा इतिहास वाचून ठेवा, पाहुण्यांत उपयोगी पडतो. अमेरिकेत, कॅन्ससमध्ये, 2006 पासून कच्च्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत भरते. खडीच्या सायकलीचं वेड पसरवण्यात तिचा मोठा हात. तिकडे बऱ्याच खटपटीनंतर पातळ टायर सोडून लोक 40 मिलिमीटरच्या आसपास आले. आपल्या दूधवाल्याच्या 28 बाय दीडच्या टायरवर बारीक अक्षरांत 40-635 छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा. त्याला हे सांगू नका, दूध महाग करेल.

रिम मात्र 622ची घ्या, खडीचे टायर तिच्याच मापाचे मिळतात. व्यास 13 मिलिमीटरने कमी, म्हणजे चिमट्याखाली साडेसहा मिलिमीटर जागा फुकट. ती लक्षात ठेवा. सळईचे ब्रेक या रिमला जुळत नाहीत. दुसरे बसवा, आणि धुळ्याजवळच्या लालिंगच्या उतारावर नव्हे, गल्लीत तपासा.

आता सराटे. खानदेशात सायकलीचा खरा शत्रू खडी नव्हे, बांधावर लोळणारा हा काटा. कसाही पडला तरी एक टोक वर. बाभूळ निदान दिसते तरी. म्हणून ट्यूबलेस करा, आत पांढरं सीलंट ओता, आणि मे महिन्यात विसरू नका. जळगावात पारा 45च्या घरात गेला की त्याचे आतल्या आत सुकून रबराचे गोळे होतात, चाक फिरवलं की खुळखुळा. हवेचं तोंडही बारीक असतं. पेट्रोलपंपावरचा मुलगा ते बघतो, मग तुमच्याकडे बघतो. पितळी टोपण खिशात हवं.

पहिली फेरी जळगावहून म्हसावद, पद्मालय, एरंडोल अशी करा. महामार्गाने एरंडोल जवळ पडतं, पण तिकडे केळीचे ट्रक रस्ता आपला समजतात. पद्मालयाला तळ्यातली कमळं, एकाच देवळात डाव्या नि उजव्या सोंडेचे दोन गणपती, आणि टायरची हवा कमी करायला सावली. माझ्या सत्तर किलोला 35 ते 40 पीएसआय पुरते. फुगवून दगड केलात तर घरी गेल्यावर भाकरीसुद्धा उभ्याने खाल.

एरंडोलहून पुढे पारोळा, फागणे करत धुळ्याला जायचा मोह होईल. हिवाळ्यात जा. मी आषाढात निघालो, आणि पारोळ्याच्या अलीकडे हौसेने पाणंद धरली. काळी माती आधी टायरला लागली, मग टायरवरच्या मातीला माती लागली, आणि ते साडेसहा मिलिमीटर शंभर पावलांत संपले. चाक फिरेना. सायकल खांद्यावर घेतली तर ती माझ्याहून जड.

मागून दूधवाला आला. दोन्ही मडगार्ड काढलेले, कॅन रिकामे. “भाऊ, काय व्हयनं?” उत्तराची वाट न बघता त्याने कॅरिअरला खोचलेली तुराटी उपसली, चिमट्यात घालून मातीचा लांबलचक काला बाहेर ओढला, मग मागच्या चाकातला. तुराटी पँटला पुसून माझ्या हातात दिली आणि बांधाच्या गवतावरून निघून गेला.

सामानाच्या यादीत लिहून घ्या : तुराटी, एक.