ग्रामीण छायाचित्रांचं प्रदर्शन कसं पाहावं : नवशिक्यांसाठी सूचना

आधी मुहूर्त. 1839 साली 19 ऑगस्टला फ्रेंच सरकारनं डागेरोटाइपचं तंत्र जगासाठी खुलं केलं, म्हणून तो जागतिक छायाचित्रण दिन. त्या सुमारास शहरातल्या एखाद्या तरी कलादालनात बैल भिंतीवर चढलेले असतातच. उद्घाटनाला गेलात तर पेढा मिळेल, पण फोटो दिसणार नाहीत. पाहुण्यांच्या पाठी दिसतील. दुसऱ्या दिवशी दुपारी जावं. तेव्हा छायाचित्रकार एकटाच बसलेला असतो आणि कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून आसुसलेला असतो.

पोशाख खादीचा. पायात करकरणारी कोल्हापुरी, खांद्याला शबनम. चुकून एखादा खरा शेतकरी आलाच, तर तो जीन्समध्ये असेल. त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहू नका, त्याला वाटेल तुम्ही वर्गणी मागताय.

फोटोपासून चार पावलं मागं उभं राहावं, मान किंचित कलती करावी, बोट हनुवटीवर. ‘प्रकाश काय पकडलाय!’ हे वाक्य कुठल्याही फोटोला चालतं. म्हातारीच्या सुरकुत्यांना सुरकुत्या म्हणू नये, ‘टेक्स्चर’ म्हणावं. (हा नियम घरातल्या म्हातारीला लागू नाही.)

काही फोटो असायलाच लागतात. दिवे घाटातली वरून घेतलेली वारी, जेजुरीचा पिवळाजर्द भंडारा, लाल मुंडाशातला धनगर आणि संध्याकाळच्या उन्हात सोनेरी झालेली त्याच्या मेंढरांची धूळ. हे सापडले नाहीत तर तुम्ही चुकीच्या मजल्यावर आहात. धनगरासमोर मात्र जरा थांबा. तो उगाच भटकत नसतो. पावसाळा संपला की घाटावरचे वाडे, म्हणजे धनगरांचे कळप आणि बिऱ्हाडं, कोकणाकडे उतरतात, पावसाच्या तोंडावर माघारी फिरतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, कारण रात्रभरात लेंड्या-मुताचं खत आयतं मिळतं. त्याबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे. म्हणजे तुम्ही ‘मुक्त जीवन’ म्हणून ज्याला दाद देताय तो चोख व्यवहार आहे. मागं घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या आणि लेकरू आहे का, तेही पाहा. बहुतेक वेळा ते चौकटीबाहेर ठेवलेलं असतं, धुळीत व्यत्यय येतो म्हणून.

आता जातं. दळणाऱ्या आजींचा फोटो प्रत्येक प्रदर्शनात असतो, आणि इथं नवशिक्याला थोडी गुप्तहेरगिरी करता येते. जात्याभोवती पीठ आहे का, ते पाहा. दळण चालू असेल तर चहूबाजूंनी पीठ झरतं, एक हात खुंट्याला आणि दुसरा मुठीमुठीनं दाणे वैरत असतो. जातं स्वच्छ, लुगडं नवं आणि आजींची नजर कॅमेऱ्यात असेल, तर समजावं : घरचं दळण सकाळीच गिरणीतून आलंय. यात आजींचा काही दोष नाही. पुण्याहून पोरं एवढी लांब आली, त्यांचं मन कशाला मोडा, एवढाच त्यांचा विचार.

मोटेचंही तसंच. विहिरीवर इंजिन आलं, मग विजेचा पंप आला आणि मोट गेली. त्यामुळं चकचकीत नव्या फोटोत मोट दिसली तर ती मुद्दाम जोडलेली असणार, अगदी कृष्णधवल करून तिला जुनी केली असली तरी. तरीही दोर नीट पाहा. जाड तो नाडा, तो मोटेचं वजन ओढतो. बारीक तो सोंदूर, तो मोटेची सोंड वर धरून ठेवतो. मोट थारोळ्यापाशी आली की सोंड खाली येते आणि पाणी ओतलं जातं. एवढं छायाचित्रकाराला सांगून पाहा. तो तुम्हाला खुर्ची देईल.

मोबाइलचा मनोरा, युरियाची गोणी, छपरावरची डिश अँटेना यांचा शोध घेऊ नका. हे सगळं काढूनच प्रदर्शन भरतं.

खालच्या पट्ट्या वाचायच्या की नाही, यावर मतभेद आहेत. ‘प्रतीक्षा’, ‘श्रम’, ‘मातीशी नातं’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. कॅमेरा कुठल्या कंपनीचा, भिंग किती मिलिमीटरचं, हेही पुष्कळदा असतं. गाव असलंच तर तालुका नसतो, आणि माणसाचं नाव तर बहुधा नसतंच. बैलांची शर्यत असेल तर बैलाचं नाव मात्र असू शकतं.

या सगळ्याला अपवाद झाले आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत फिरून ग्रामीण बायकांच्या कामाचे फोटो काढले. लावणी, खुरपणी, विटा वाहणं, सरपण, पाणी. ते प्रदर्शन बसस्थानकांवर, कारखान्यांच्या फाटकांशी, शेतमजुरांच्या मेळाव्यांत लागलं. तिथल्या प्रेक्षकाला टेक्स्चर दाखवून भागत नाही. ओझं किती, मजुरी किती आणि पाणी कुठून आणलं, हे त्याला ठाऊक असतं. कलादालनातल्या भिंतीला असा प्रेक्षक सहसा लाभत नाही, हा त्या भिंतीचाच तोटा.

म्हणून शक्य असेल तर एक जाणकार सोबत न्या : आत्या, मावशी, गावाकडचे काका, कुणीही ज्यानं खुरपं धरलंय. ती मोठ्यानं बोलतील, बोलू द्या. ‘अगं, ही खुरपतीय कुठं, नुसती बसलीय,’ हे वाक्य कुठल्याही कलासमीक्षेइतकंच ऐकण्यासारखं असतं.

शेवटी अभिप्रायवही. तिच्यात सगळे ‘अप्रतिम!’, ‘गावाची आठवण झाली’ आणि खाली फोन नंबर लिहितात. तुम्ही तसं करू नका. फोटोचा क्रमांक टाका आणि विचारा : या बाईंचं नाव काय, आणि त्यांना या फोटोची प्रत दिली का?