कटऑफचा मानकरी

नीटचा निकाल लागला की घरोघरचे मामा-काका गणिती होतात. २०२५ साली खुल्या गटाची पात्रता ५० पर्सेंटाइलला, म्हणजे ७२० पैकी १४४ गुणांना होती. भाची ‘क्वालिफाय’ झाली एवढंच ऐकून एका मामांनी पेढे सांगून टाकले. १४४ म्हणजे नेमके वीस टक्के. त्यांच्या काळी एवढ्यावर दहावीसुद्धा सुटत नव्हती, हे त्यांना कोण सांगणार? निम्म्या मुलांच्या पुढे गेली, इतकाच त्या पन्नासचा अर्थ. त्या वर्षी पात्र ठरली बारा लाखांवर मुलं आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. मांडवात शिरायला मिळालं, पंगतीत पान मांडलेलं नाही!

प्रवेशाचा कटऑफ निराळाच. तो आधी कुणी ठरवतच नाही. यादीतली मुलं वरून एकेक कॉलेज घेत येतात, आणि जागा संपतात तेव्हा जो शेवटचा आत असतो, त्याचे गुण म्हणजे कटऑफ. मला या शेवटच्याचं फार कुतूहल आहे. पहिल्या आलेल्याचा चौकात फ्लेक्स लागतो. याचं नावही कुणाला ठाऊक नसतं. पण पुढे वर्षभर गावोगावच्या आया गुण पाठ करतात ते याचे. ‘मागच्या वर्षी इतक्याला लागलं होतं हो!’

आणि मागचं वर्ष तरी कुठलं भरवशाचं? २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० वाले आधी ६७ होते, सुधारित निकालात १७ उरले. लगेच २०२५ ला पेपर असा आला की देशात पहिल्याला ६८६. जुने तक्ते घेऊन बसलेल्या घरांत त्या दिवशी किती पोरांनी विनाकारण बोलणी खाल्ली असतील!

राउंड पुढे सरकतात तसा मानकरीही बदलतो. वरचं कुणी एम्सला निघून गेलं की खालच्या कुणाचा तरी फोन वाजतो. त्याच्याइतकेच गुण असलेले आणखीही असतात. मग आधी जीवशास्त्राचे गुण बघतात. तिथे एखाद्या प्रश्नाला याने अंदाजपंचे गोळा काळा केलेला असतो आणि तो बरोबर निघालेला असतो. असा डॉक्टर उद्या माझी नाडी बघायला बसला तर माझी काही हरकत नाही. त्याचा अंदाज चुकत नाही, हे सरकारदरबारी सिद्ध झालेलं आहे.