वीस रुपयांचे अपीलशास्त्र

वाहनतळ या संज्ञेची व्याख्या नगररचनेच्या ग्रंथांत सापडत असली, तरी बाजारगावांच्या व्यवहारात तिचा अर्थ अगदी वेगळ्या रीतीने ठरतो. ज्या पडीक रानाच्या तोंडाशी एक बांबू आडवा बांधला जातो आणि त्या बांबूशेजारी पावतीपुस्तक घेतलेला एक तरुण उभा राहतो, ते रान त्या घटकेपासून वाहनतळ समजले जाते आणि तो तरुण जेवायला गेला की त्याचे पुन्हा रान होते. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीसारख्या गावात, जिथे बाजार, बँक, दवाखाना आणि पाहुण्यारावळ्यांची कार्ये या निमित्ताने आसपासच्या खेड्यांची वाहने एकाच रस्त्यावर लोटतात, तिथे असा वाहनतळ कोणत्याही दिवशी उगवू शकतो. प्रस्तुत विवेचनासाठी तो उगवला आहे, त्याचा ठेका एका खाजगी ठेकेदाराने घेतला आहे, आणि दुचाकीस दहा व चारचाकीस वीस रुपये असा दर पुठ्ठ्यावर लिहून बांबूला टांगला आहे, असे गृहीत धरले आहे. अपील करणारा दिव्यांग वाहनचालकही तितकाच काल्पनिक असून त्याच्या वाट्याला येणारे कायदे मात्र खरे आहेत.

पहिला पेच वर्गीकरणाचा आहे. पायाने अधू असलेला चालक बहुधा जी स्कूटर वापरतो तिला मागील चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक बसवलेले असते आणि लोकभाषेत तिला साईड व्हीलची गाडी म्हणतात. या गाडीची चाके मोजली असता ती चार भरतात, त्यामुळे पुठ्ठ्यावरील दरपत्रकाचा काटेकोर अर्थ लावणारा तरुण तिला चारचाकी ठरवून वीस रुपयांची पावती फाडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ या कायद्यात अशा वाहनासाठी पूर्वी ‘अपंगांची गाडी’ या अर्थाची संज्ञा होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती काढून ‘अनुकूलित वाहन’, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी खास बांधलेले किंवा तसे बदल करून घेतलेले वाहन, ही संज्ञा आणली. संसदेने या गाडीचे नाव बदलले, तरी तिच्या चाकांची संख्या न बदलल्यामुळे बांबूपाशी या सुधारणेचा काही उपयोग होत नाही.

यापेक्षा गंभीर पेच माफीचा आहे. राष्ट्रीय महामार्गांवरील पथकराच्या २००८ च्या नियमांनुसार, शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीसाठी खास रचना करून बांधलेल्या यांत्रिक वाहनास पथकर माफ आहे. म्हणजे पुणे-बंगळूर महामार्गावरील कोगनोळीच्या नाक्यावर जो चालक आपल्या अनुकूलित मोटारीतून, कागदपत्रे ठीक असल्यास, एक पैसाही न देता पुढे जाऊ शकतो, तोच चालक गावातल्या रानात पोहोचला की वीस रुपयांचा देणेकरी होतो. याचे कारण असे की पथकर हा केंद्र सरकारचा विषय असून रान हा ठेकेदाराचा विषय आहे, आणि खाजगी वाहनतळावर दिव्यांगांना शुल्क माफ असावे असा सबंध देशाला लागू होणारा नियम अस्तित्वात नाही. केंद्र सरकारने दिलेले वैश्विक ओळखपत्र, ज्यावर चाळीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांच्या आतील दिव्यांगत्वासाठी पिवळी आणि ऐंशी टक्के व त्यावरील दिव्यांगत्वासाठी निळी पट्टी असते, ते दाखवले असता पावतीवाला ते दोन्ही बाजूंनी न्याहाळतो आणि हे आधारकार्ड आहे का, असे विचारतो.

अन्याय झाला असेल तर दाद मागावी, हे प्रत्येक नागरिकास शाळेत शिकवले जाते. दाद कोठे मागावी हे शिकवण्यापूर्वी शाळा सुटते. ठेका ग्रामपंचायतीने दिला असेल तर ते शुल्क महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कक्षेत येते. १९५८ साली रचलेल्या या कायद्याच्या कलम १२४ मध्ये पंचायतीला बसवता येणाऱ्या करांची आणि फीची जी यादी आहे, तीत गाडीतळ व टांगातळ यांवरील फीचा उल्लेख आहे. टांगे गेले, फी उरली. याच कलमानुसार कर किंवा फीने व्यथित झालेल्या व्यक्तीस प्रथम पंचायत समितीकडे आणि तेथेही समाधान न झाल्यास जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते. कोल्हापूर जिल्ह्यात या दोन्ही संस्थांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे निवडून आलेले सदस्यच नव्हते, प्रशासक होते. त्यामुळे त्या काळात अपील करणाऱ्याला समितीपुढे उभे राहण्याऐवजी समितीच्या रिकाम्या खुर्च्यांपुढे उभे राहण्याची, किंवा त्याला उभे राहता येत नसल्यास तेथपर्यंतचा जिना पाहण्याची, संधी मिळाली असती.

ठेका पंचायतीचा नसून जमीन खाजगी असेल, तर तो ग्राहक व सेवापुरवठादार यांच्यातील व्यवहार ठरतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क नाही, ही सरकारची खरोखर उदार तरतूद आहे. फक्त तक्रार कोल्हापुरात चालते आणि नेसरीहून तिथे जाण्यायेण्याचा एका दिवसाचा खर्च वादाच्या रकमेहून कैक पटींनी अधिक होतो. तिथे पोहोचल्यावर वाहन लावण्याचा प्रश्न पुन्हा नव्याने उपस्थित होतो, हे वेगळे सांगणे नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली राज्य आयुक्तांकडेही तक्रार करता येते, आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापला, आणि त्या विभागाने दिव्यांगांच्या दारी जाण्याचे अभियानही राबवले. अभियान दारी आले तेव्हा अर्जदार नेमका वाहनतळावर अडकलेला असावा.

ठेकेदार, ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, ग्राहक आयोग, आयुक्तालय आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागलेले मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, अशी दाद मागण्याची सात ठाणी होतात. नेसरीच्या इतिहासात या आकड्यास मोठा मान आहे, कारण २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर आपल्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर याच परिसरात तुटून पडले आणि सातही जण धारातीर्थी पडले. तेव्हा सात जण एका फौजेवर चालून गेले होते. आता एकट्याने सात कचेऱ्यांवर चालून जायचे असते, आणि तेही कुबड्या घेऊन. पराक्रमाच्या तुलनेस कोणी आक्षेप घेऊ शकेल, परंतु विजयाची शक्यता दोन्हीकडे सारखीच दिसते.

कोल्हापूर जिल्हा शुल्कापुढे मान तुकवणारा नाही, ही गोष्ट या ठिकाणी नोंदवणे आवश्यक आहे. शहरातील रस्त्यांवर बसवलेल्या टोलविरुद्ध एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि शेवटी राज्य सरकारला तो टोल रद्द करावा लागला. त्या यशाचे रहस्य असे की टोल सर्वांना लागत होता. जे शुल्क गावातल्या पाच-दहा जणांनाच बोचते, त्यासाठी मोर्चा निघत नाही; आणि निघालाच तरी मोर्चेकऱ्यांच्या साईड व्हीलच्या गाड्या लावण्यासाठी प्रत्येकी वीस रुपये भरावे लागतील.

विलायतेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस या बाबतीत सुख असावे, असा नेसरीकरांचा समज असल्यास तोही दुरुस्त करणे इष्ट आहे. तिकडे १९७० च्या कायद्यान्वये दिव्यांगांच्या मोटारींसाठी नारिंगी बिल्ला सुरू झाला आणि २००० साली त्याचा रंग निळा झाला. परंतु हा निळा बिल्ला सार्वजनिक रस्त्यावर जितका प्रभावी आहे तितका खाजगी वाहनतळावर नाही. खाजगी तळावरील फलक हा करार मानला जातो, आणि २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरलेल्या वेळेहून अधिक थांबलेल्या एका वाहनचालकाकडून पंच्याऐंशी पौंड घेणे वैध ठरवले. तरीही तेथे एक फरक आहे: खाजगी वाहनतळांच्या आकारणीविरुद्धची अपिले ऐकण्यासाठी स्वतंत्र मंडळ असून घरबसल्या अपील करता येते, आणि समान वागणुकीचा २०१० चा कायदा खाजगी तळमालकालाही दिव्यांगांच्या अडचणीनुसार वाजवी बदल करण्यास बांधतो. म्हणजे तेथे माणूस घरी बसून हरतो, येथे त्याला हरण्यासाठी गडहिंग्लजला जावे लागते.

महाराष्ट्र सरकारने मात्र एका अत्यंत सूक्ष्म मार्गाने भरपाईची सोय केलेली आहे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाच्या, म्हणजे स्वतःच्या करांतून व फीतून जमलेल्या रकमेच्या, पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा, असा शासनाचा आदेश आहे. ठेकेदाराचा नफा क्षणभर बाजूला ठेवून वीसचे वीस रुपये पंचायतीत जमा झाले असे मानले, तर दिव्यांग चालकाकडून घेतलेल्या वीस रुपयांतील एक रुपया त्याच्याच कल्याणासाठी राखून ठेवला जातो. उरलेल्या एकोणीस रुपयांत गावाचे कल्याण होते, आणि एक रुपयाच्या वाटपाचा कार्यक्रम झाल्यास त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते.

या सर्व यंत्रणेत सर्वांत जलद निकाल देणारा अधिकारी कोणता, याचा शोध घेतला असता उत्तर एकच मिळते, आणि ते म्हणजे बांबूपाशी उभा असलेला तरुण. गाडीला अडकवलेल्या कुबड्या त्याच्या नजरेस पडल्या की बहुतेक वेळा तो पावतीपुस्तक मिटतो आणि ‘जावा काका, ऱ्हाऊ द्या’ एवढ्या शब्दांत प्रकरण निकाली काढतो. अर्ज, सुनावणी, पुरावा, विलंबमाफी यांपैकी कशाचीही त्याला गरज भासत नाही. दोष इतकाच की हा निकाल दयेवर आधारलेला असल्यामुळे पुढील खेपेस तो बंधनकारक नसतो; उद्या त्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ उभा राहिला तर कायदा पुन्हा पहिल्या पानापासून वाचावा लागतो. शिवाय माफी मिळालेल्या काकांना आत सोडल्यावर गाडी लावायची कोठे, हा प्रश्न दयेच्या कक्षेबाहेर राहतो, कारण दोन मोटारींच्या फटीत घातलेल्या गाडीवरून कुबड्या टेकवत उतरायला जागाच उरत नाही. फुकट मिळालेली ही गैरसोय बहुतेक दिव्यांग चालक मुकाट्याने स्वीकारतात, आणि शुल्कमाफीने आपले कर्तव्य पुरे झाले असे इतरांना वाटू लागते.

वास्तविक कायद्याचा भर माफीपेक्षा जागेवरच आहे. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे सार्वजनिक इमारतीच्या प्रवेशद्वारापासून तीस मीटरच्या आत दिव्यांगांसाठी दोन मोटारींची जागा असावी, तिची रुंदी किमान ३.६ मीटर असावी आणि तसा फलक ठळकपणे लावावा. रान ही इमारत नसल्यामुळे आणि त्याला बांबूखेरीज प्रवेशद्वार नसल्यामुळे हे नियम तेथे कसे लावावेत याची चर्चा दीर्घकाळ चालू शकेल. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये, राजीव रतुरी यांनी २००५ साली दाखल केलेल्या प्रकरणात, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा केंद्राचा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत करण्यास सांगितले. एकोणीस वर्षांनी लागलेल्या या निकालाचा सारांश असा की सुगम्यता हा हक्क आहे, उपकार नाही.

या हक्काची किंमत काढणे कठीण नाही. सामान्य मोटारीची जागा अडीच मीटर रुंद धरली, तर दिव्यांगांच्या जागेसाठी १.१ मीटर जास्त लागतात. पाच मीटर लांबीच्या त्या पट्ट्यात दोन मोटारसायकली मावल्या असत्या, आणि त्यांचे दहा-दहा रुपये मिळून ठेकेदाराचे वीस रुपये बुडतात. तेवढे वीस रुपये मोटारीने येणारा दिव्यांग चालक, धड उतरता येईल अशी जागा मिळाल्यास, कुरकुर न करता भरायला तयार असतो. त्यामुळे तत्त्वतः कोणताच वाद शिल्लक राहत नाही. रानात दोन जास्तीच्या रेघा ओढण्यासाठी लागणारी फक्की कोणी आणावयाची, एवढाच विषय उरतो, आणि तो गणपूर्तीअभावी पुढील ग्रामसभेपर्यंत तहकूब करता येतो.