खाडा कुणाचा?

पंचवटीत घरोघरी जाऊन गणित शिकवणाऱ्या बाईला गणितापेक्षा पंचांग चांगलं यावं लागतं. पायथागोरस एकदा समजला की समजला. पण आपल्या विद्यार्थ्याच्या घरी आज प्रदोष आहे, सत्यनारायण आहे की चुलतमावशीच्या सोळा सोमवारांचं उद्यापन, हे रोज नव्याने ताडावं लागतं. तेही वेळेत. कारण शिकवणी चारची असते आणि पालकांचा निरोप तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी येतो. तोवर माझी स्कूटी दिंडोरी नाक्याच्या सिग्नलला पोचलेली असते. पर्समध्ये मोबाइल थरथरतो. 'मॅडम, आज राहू द्या.' पुढे जोडलेले दोन हात. हेच हात महिनाअखेरीला, फीच्या वेळी, कुठे जातात ते मला अजून कळलेलं नाही.

निरोप येणं हा तरी सभ्यपणा झाला. काही घरांनी हे काम कुलपावर सोपवलेलं असतं. तिसरा मजला चढून गेलं की कुलूप सांगतं, मंडळी बाहेर गेली आहेत. शेजारच्या काकू दार किलकिलं करून उरलेला तपशील पुरवतात: "सोमेश्वरला गेलेत. मिसळ खाऊनच येतील." शिकवणी नाही हे काकूंना सकाळपासून ठाऊक असतं, खाली वॉचमनला ठाऊक असतं, इस्त्रीवाल्यालाही ठाऊक असतं. कळवायचं राहून गेलेली व्यक्ती एकच, आणि ती जिन्यात धापा टाकत उभी असते.

दुसऱ्या गावांत शिकवणी बुडवायला कारण शोधावं लागत असेल. आमच्याकडे कारणं दारात रांग लावून असतात. रंगपंचमी घ्या. नाशिकला धुळवडीपेक्षा तिचं महत्त्व जास्त. त्या दिवशी शनी चौकातली पेशवेकालीन रहाड उघडतात. वर्षभर जमिनीखाली बुजवून ठेवलेला तो रंगाचा हौद. त्यात धप्पकन उडी मारायची, की बाजूला उभे असलेलेही न्हाऊन निघतात. रंग इतका पक्का की दोन-दोन दिवस कानामागून हटत नाही. म्हणून उडी एका दिवसाची आणि शिकवणी तीन दिवस बंद. वार्षिक परीक्षा तोंडावर असते, हे मी सांगून बघते. आई म्हणते, "तसं नाही मॅडम, रंगाने वही खराब होईल ना." वहीची एवढी काळजी वर्षभर घेतली असती, तर तिच्यात काही लिहिलेलंही सापडलं असतं.

पावसाळ्यात गंगेला पाणी येतं. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की अख्खं गाव दुतोंड्या मारुतीकडे डोळे लावून बसतं. रामकुंडाजवळच्या पात्रात उभी असलेली ती मूर्ती हीच आमची पूर मोजायची पट्टी. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, एवढं सांगितलं की नाशिककराला मीटर-सेंटिमीटर लागत नाहीत. शिकवण्याही याच पट्टीवर बुडतात. गुडघ्याला पाणी लागलं की मुलाला सर्दी होते. कमरेला लागलं की घरचे सगळे होळकर पुलावर पूर बघायला जातात. छातीला लागलं की ज्यांचं घर नदीपासून कोसभर लांब, उंचावर, चौथ्या मजल्यावर आहे, त्यांचा फोन येतो: "मॅडम, पूरपरिस्थिती आहे, कसं यायचं तुम्ही!" माझी इतकी काळजी माझ्या सासरीही कुणी करत नाही.

त्यात गंमत अशी, की रूपांतराची गणितं समोर ठेवली तर जांभया देणारा सातवीतला मुलगा पुराच्या दिवशी फोन हिसकावून घेऊन सांगतो, "मॅडम, वीस हजार क्युसेक सोडलंय!" मी विचारते, "म्हणजे सेकंदाला किती लिटर?" पलीकडे शांतता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28.3 लिटर. वीस हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साडेपाच लाख लिटरांहून जास्त पाणी. असं जिवंत उदाहरण पाठ्यपुस्तकाच्या बापाला सुचणार नाही, आणि ते दारावरून वाहून जात असताना शिकवणी मात्र बंद.

उरलेले दिवस पाहुण्यांचे. लोकांकडे पाहुणे दिवाळीत येतात. आमच्या पंचवटीत बारा महिने येतात, कारण रामकुंड इथे आहे. कुणाचा दहावा, कुणाच्या अस्थी, कुणाचं तीर्थस्नान. काम उरकलं की मंडळी काळाराम, सीतागुंफा, तपोवन करतात आणि चहाला ओळखीच्या घरी येतात. ते घर हटकून माझ्या विद्यार्थ्याचं असतं. बुधवार असेल तर पाहुणेही नकोत, घाटावर आठवडे बाजार असतो. "मेथी स्वस्त आहे मॅडम, मी आलेच," म्हणून आई जाते, पिशवी धरायला मुलगा जातो, आणि मी आजोबांना त्रिकोणमिती शिकवावी अशा बेतात सोफ्यावर बसून राहते.

आमच्या शेजारी एक तीर्थोपाध्ये गुरुजी राहतात. एकदा त्यांना म्हटलं, "गुरुजी, तुमचं बरं आहे. तुमचे यजमान कधी सांगत नाहीत, आज राहू द्या." गुरुजींनी माळ्यावरच्या बासनात बांधलेल्या वह्या दाखवल्या. गावानुसार, आडनावानुसार यजमानांच्या नोंदी; कोण कधी आलं, कशासाठी आलं, खाली त्याची सही. "मुलगा नाही आला तर नातू येतो," गुरुजी म्हणाले, "नातू आला की आजोबांची सही दाखवायची. माणूस सहीपुढे नरमतो."

मी त्याच दिवशी एक जाड वही आणली. तारीख, रद्द करण्याचं कारण आणि पालकांची सही. वहीने पहिल्याच वर्षी मोठं संशोधन केलं. एका मुलाच्या एकाच मामाचा साखरपुडा जूनमध्ये झाला होता आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये. दोन्हीकडे आईची सही. मी वही पुढे केली. आई म्हणाली, "जूनमधला मोडला ना!" आणि डोळ्याला पदर लावला. त्या दिवशी शिकवणी झाली नाहीच. उलट मीच तासभर त्यांची समजूत काढून, चहा घेऊन आले.

यापेक्षा अवघड जात कांचनमृगाची. ज्या गावात मारीच सोन्याचं हरीण होऊन आला, त्या गावात तरी आपण शहाणं असायला हवं. पण प्रत्येक जूनमध्ये एखादी आई येतेच: "मॅडम, याची फी जरा कमी करा. माझ्या बहिणीची दोघं आहेत, समोरची एक आहे, जाऊबाईंचाही विचार चाललाय. चार-पाच मुलं मी सहज मिळवून देते." ती चार-पाच मुलं मग वर्षभर झाडांआडून चमकत राहतात. कधी त्यांचा एक डेमो होतो, कधी दुसरा. डेमो फुकट असतो. मार्चमध्ये बघावं तर फी कमी झालेली असते, बहीण पुण्याला बदलून गेलेली असते आणि जाऊबाईंशी बोलणं बंद असतं.

पण खरी लढाई महिनाअखेरीला, भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर होते. तारखांच्या चौकोनांत दुधाचे खाडे, पेपरचे खाडे, मोलकरणीचे खाडे, आणि त्यांच्याच रांगेत 'मॅ.' असं लिहून माझे खाडे. अमृतधामकडचे एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून हिशेब मांडतात: "मॅडम, या महिन्यात तुमचे पाच खाडे. तेवढे वजा करू." मी म्हणते, "अहो, पाचही वेळा नको तुम्हीच म्हणालात." ते म्हणतात, "ते खरं. पण दूधवालासुद्धा घातलेल्याच दुधाचे पैसे घेतो."

या दूधवाल्याने माझं आयुष्य खाऊन टाकलं आहे. अहो, तुम्ही नको म्हणालात तर त्याचं दूध दुसऱ्या घरी जातं. नाही गेलं तर तो त्याचं दही लावतो. माझ्या मंगळवारच्या चार ते पाचचं मी काय लावू? शाळेतली मुलं शिकायला मोकळी असतात ती संध्याकाळी चार ते आठ. म्हणजे माझ्याकडे विकायला दिवसाचे चारच तास. त्यातला एक तुमच्या मुलासाठी राखून ठेवायचा म्हणून जानेवारीत दहावीच्या दोन मुलींना मी नाही म्हटलेलं असतं. तुम्ही तीन सत्तावन्नला नको म्हणालात, की तो तास कुणालाच देता येत नाही. पैसे शिकवण्याचे असतातच; पण त्याआधी ते जागा धरून ठेवण्याचे असतात. हे एवढं साधं अर्थशास्त्र मी उभ्याने, चपला घालता घालता सांगते, आणि गृहस्थ शांतपणे म्हणतात, "मग चार वजा करू."

सरकारी आधार मिळतो का तेही पाहिलं. 2024च्या जानेवारीत केंद्र सरकारने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सगळं आहे: पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर ते कोचिंग सेंटर, सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नको, पूर्ण फी भरून मुलाने क्लास मधेच सोडला तर उरलेले पैसे दहा दिवसांत परत. पळून जाणाऱ्या विद्यार्थ्याची एवढी सोय. आणि स्कूटीवर बसलेली एकटी बाई कुठल्या व्याख्येतच बसत नाही. तिला कुलूप भेटलं तर दहा दिवसांत काय परत करायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

शेवटी उत्तर सापडलं ते त्याच गृहस्थांच्या खिशात. ते रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातात. ही गाडी 1975 पासून धावते आहे, आणि नाव पंचवटीचं असलं तरी पंचवटीच्या आसपासही फिरकत नाही. ती धरायला आम्हाला नदी ओलांडून नाशिकरोड गाठावं लागतं. तर हिशेब करताना त्यांच्या पाकिटातून रेल्वेचा पास खाली पडला. मी तो उचलून दिला आणि विचारलं, "गणपतीत तुम्ही दहा दिवस रजेवर होतात ना? रेल्वेने किती खाडे वजा केले?"

"पासाचे कसले खाडे? पास म्हणजे पास."

"आणि शेजाऱ्याला वापरायला दिला तर?"

"छे! दंड होईल."

"मग पुढच्या महिन्यापासून तुमच्या मुलाचा पास."

मी तिथेच नियम सांगितले. पैसे आधी. आदल्या दिवशी रात्री नऊपर्यंत कळवलं तर बुडलेला तास रविवारी भरून देणार. त्यानंतर कळवलं तर गाडी गेली. डेमो फुकट मिळेल, पण एकदाच. पास हस्तांतरणीय नाही, म्हणजे मुलगा नसेल त्या दिवशी त्याच्या आतेभावाला बसवायचं नाही.

मला वाटलं, आता वाद होणार. पण वर्षानुवर्षं दूधवाल्याचा दाखला देणारे गृहस्थ रेल्वेचं नाव निघताच सरळ झाले. भारतीय माणूस देवाशी घासाघीस करील, रेल्वेशी करत नाही. निदान मला तसं वाटलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"मॅडम, तिमाही पास आहे का?"

"म्हणजे?"

"रेल्वेचा तिमाही पास तीन महिन्यांच्या पैशांत नसतो. मासिकाच्या 2.7 पट असतो."

आतापर्यंत खुर्चीखाली पेन्सिल शोधत असलेला सातवीतला मुलगा टेबलाखालूनच म्हणाला, "म्हणजे दहा टक्के सूट, बाबा." शेकडेवारीचं प्रकरण मी त्याला आख्खी दिवाळी शिकवत होते. टेबलाखाली, कागदाशिवाय, त्याला ते दोन सेकंदांत आलं. मी सूट दिली. विद्यार्थ्याची प्रगती दिसली की शिक्षकाचा हात सैल सुटतो, आणि तीन महिन्यांचे पैसे रोख समोर असले की आणखी थोडा.

पास जिथे जिथे लागू झाला तिथली प्रकृती सुधारली. पैसे भरून झाल्यावर सर्दी कमी होते, हे वैद्यकाने तपासावं. पुराच्या दिवसांत मुलं वेळेवर बसू लागली. पाहुणे आले तर त्यांना आतल्या खोलीत चहा मिळू लागला. कुलपं गंजत चालली. एका आजोबांनी तर नातवाच्या शेजारी बसून उजळणी सुरू केली. पैसे भरलेत तर कुणीतरी शिकावं, एवढाच हेतू.

मग चैत्रातली कामदा एकादशी आली. पंचवटीत त्या दिवशी रथोत्सव. रामरथ आणि गरुडरथ निघतात, मानकरी बुवा रथातल्या रामाकडे तोंड करून उलट पावली चालतात, आणि दुपारपासूनच आमच्या गल्लीतून सायकलसुद्धा बाहेर काढता येत नाही. चार वाजले. दोन मिनिटांनी फोन आला.

"मॅडम, मुलगा वही उघडून बसलाय."

"अहो, आज रथ आहे. रस्ता बंद आहे, कशी येऊ?"

"ते दिसतंय मॅडम, आम्ही गॅलरीतून बघतोय. पण ब्लॉक असला की रेल्वेसुद्धा आदल्या दिवशी जाहीर करते."

नियम माझाच होता. मी रेल्वेतल्या बाईच्या आवाजात, प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि रविवारी सकाळी दहाला जादा गाडी सोडत असल्याचं कळवलं. पलीकडे बापलेकांत काही कुजबुज झाली.

"रविवारी नको मॅडम," गृहस्थ म्हणाले, "रविवारी आमच्याकडे मेगाब्लॉक. सासुरवाडीचे येतायत."

मी घड्याळ पाहिलं. रात्रीचे नऊ अजून वाजायचे होते; नियमाप्रमाणे निरोप अगदी वेळेत होता.