घोडे वाढले, पण एसी लावू नका

गाडीचा इंजिन-संगणक बदलला असं सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न टाकतो, "किती घोडे वाढले?" सकाळी सातला गाडी सुरू होते का, हे मात्र कोणी विचारत नाही. घोड्यांसाठी पैसे जातात, पण आयुष्य जातं ते या दुसऱ्या प्रश्नात.

माझी गाडी २००५ची ऑक्टाव्हिया आरएस. आपल्याच औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. १.८ लिटरचं इंजिन, चार सिलिंडर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो आणि दीडशे घोडे. एवढे घोडे पुण्याच्या कर्वे रस्त्यावर बांधायलाही जागा नाही. तरी मी मोठा टर्बो लावला, मोठे इंजेक्टर लावले, आणि गाडी होती त्यापेक्षा हळू चालायला लागली.

कारण मूळचा संगणक. बॉशचा मोट्रॉनिक एमई ७.५. या गाडीत अॅक्सिलरेटर आणि थ्रॉटल यांच्यामध्ये केबल नाही. आपण पाय दाबतो तो नुसता अर्ज असतो. मोट्रॉनिकसाहेब अर्ज वाचतात, चालकाला किती टॉर्क हवा असावा याचा अंदाज बांधतात, एसीचा, गिअरचा आणि चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा अभिप्राय मागवतात, आणि मग स्वतःला योग्य वाटेल तेवढा थ्रॉटल उघडतात. मोठ्या टर्बोने त्यांच्या हिशेबापेक्षा जास्त हवा आणली की साहेबांना भ्रष्टाचाराचा वास येतो आणि ते थ्रॉटल मिटून घेतात. डॅशबोर्डवर पिवळ्या अक्षरांत 'ईपीसी' उजळतं. अर्ज फेटाळला, कारण कळवलं जाणार नाही.

आता नवा साहेब आणायचा, की जुन्याचंच मन वळवायचं? जुन्याचं मन वळवणं म्हणजे रीमॅप. त्याच पेटीतले आकडे बदलून परत लिहायचे. जाणकार मंडळी एकमुखाने म्हणाली की या गाडीला तेच पुरे, आणि तेच शहाणपणाचं. शहाणपणासाठी कोणी टर्बो घेत नाही, त्यामुळे मी पुढे सरकलो. दुसरा मार्ग टपावरच्या पेटीचा, म्हणजे पिगीबॅकचा. ही पेटी सेन्सर आणि संगणक यांच्यात बसते आणि संगणकाला धादांत खोटं सांगते. हवा जास्त आली तरी "कमीच आहे हो" म्हणते. स्वस्त पडते. पण वीस वर्षांच्या सोबतीनंतर साहेबांना रोज फसवायचं मला जड गेलं.

राहिला स्टँडअलोन, म्हणजे जुना संगणक काढून संपूर्ण नवा. या बाजारात शिरल्यावर पहिलं आश्चर्य भूगोलाचं. नावाजलेली इंजिनं जर्मनी-जपानमध्ये बनतात, आणि त्यांना वळण लावणारे कितीतरी संगणक दक्षिण गोलार्धात. मोटेक मेलबर्नचा, हॅलटेक सिडनीचा, लिंक न्यूझीलंडचा. तिकडे मेंढ्या हाकून उरलेल्या वेळात लोक हेच करत असावेत. मोटेकची किंमत ऐकून मी आदराने उभा राहिलो आणि तसाच निघालो. दुसऱ्या टोकाला गरिबांचे कैवारी. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकनांनी २००१च्या सुमाराला काढलेला मेगास्क्वर्ट, जो सुरुवातीला सुट्या भागांत यायचा आणि आपणच सोल्डर करायचा. आणि आर्डुइनोवर चालणारा स्पीडुइनो, ज्याचा आराखडा आणि प्रोग्रॅम दोन्ही फुकट. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, हा मी करून देतो." त्याने मागच्या वर्षी आर्डुइनोवर झाडांना आपोआप पाणी घालणारं यंत्र केलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं छत अजून ओलं आहे. सुदैवाने स्पीडुइनो इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल स्वतः हाताळत नाही, त्यामुळे नात्यात वितुष्ट न येता नकार देता आला.

शेवटी दक्षिण गोलार्धातलाच मधल्या किमतीचा एक घेतला. कुरियरवाल्यांनी फोन करून विचारलं, "यात काय आहे?" म्हटलं, संगणक. "लॅपटॉप की डेस्कटॉप?" म्हटलं, गाडीचा. थोडा वेळ शांतता. मग, "म्हणजे म्युझिक सिस्टिम का?" सीमाशुल्क किती लागेल ते पाहिल्यावर मी म्युझिक सिस्टिमच म्हणणार होतो.

बसवायचं काम सुरू झालं. जुना संगणक वायपरच्या खाली, पावसाचं पाणी जातं त्या पन्हाळीत बसवलेला असतो. युरोपातल्या माणसाने पुण्याचा जुलै पाहिलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ. त्याला १२१ पिना. वायरिंगवाल्याने चष्मा कपाळावर चढवला, नकाशा बोनेटवर पसरला आणि नवीन हार्नेसची एकेक तार मोजून टेपने बांधायला घेतली. तीन दिवस तो माझ्याशी फक्त "लाल-पांढरी कुठंय?" एवढंच बोलला. या धंद्यातली खरी कला त्याच्या बोटांत असते. सोल्डर न करता नीट दाबून बसवलेलं टर्मिनल तो दोनदा ओढून बघायचा. इंजिन थरथरतं, सोल्डरपाशी तार कडक होते आणि तिथेच तुटते, हे त्याने न बोलता दाखवलं.

मग आला क्रँकचा सेन्सर. क्रँकवर साठ दातांचं चाक असतं आणि त्यातले दोन दात मुद्दाम गायब. सेन्सरसमोरून दात गेला की एक ठोका, आणि रिकामी जागा आली की संगणकाला कळतं, पिस्टन कुठे आहे. सगळी ठिणगी आणि सगळं पेट्रोल या न-दातांच्या भरवशावर. त्या सेन्सरच्या दोन तारा उलट जोडल्या तरी इंजिन फिरतं, आकडे दिसतात, सगळं अगदी सभ्य दिसतं. फक्त पडद्यावर १० अंश लिहिलेले असताना टायमिंग लाईट पुलीवर धरली की खूण भलतीकडेच उजळते, आणि इंजिनचा वेग वाढवला की तीही सरकत जाते. नव्या संगणकात आकडे भरायला आलेल्या ट्यूनरने पुलीकडे पाहिलं, वायरिंगवाल्याकडे पाहिलं. वायरिंगवाल्याने चष्मा खाली घेतला आणि काही न बोलता तारा बदलल्या.

यानंतर डायनो, म्हणजे घोडे मोजायचं यंत्र. इथे मला वाटलं होतं खरा संग्राम असेल. गाडी रोलरवर, समोर भलामोठा पंखा, टाकीत शंभर ऑक्टेनचं पेट्रोल. इंडियन ऑइलने ते २०२०च्या डिसेंबरात आणलं तेव्हा पहिल्या शहरांत पुणं होतं, याचा मला त्या दिवशी नको इतका अभिमान वाटला. ट्यूनरने कानांवर हेडफोन चढवले. त्यांची तार इंजिनच्या ब्लॉकवर आवळलेल्या सेन्सरला जाते. आत पेट्रोल वेळेआधी स्फोटासारखं पेटलं की खडा पत्र्यावर आपटावा तसा टक् आवाज येतो. टक् आलं की ठिणगी दोन अंश मागे. मिश्रण बूस्टमध्ये लॅम्डा ०.८च्या आसपास, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्तच, कारण ते थंडावाही देतं. "एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा" हा जुना मंत्र आता कोणी म्हणू नये, असंही त्याने बजावलं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असेल तर तो आकडा साडेतेराच्या आसपास येतो. लॅम्डात, म्हणजे त्या त्या पेट्रोलच्या योग्य प्रमाणाच्या तुलनेत बोलायचं, म्हणजे भांडण नाही. संध्याकाळच्या चहापर्यंत घोडे वाढलेले होते. आलेख छापून मिळाला. मी तो घरी फ्रिजवर लावला. बायकोने त्यावर दुधाचं बिल लावलं.

आणि मग खरी गोष्ट सुरू झाली.

पूर्ण थ्रॉटलला गाडी सेकंदभरात सगळं सांगून मोकळी होते. रिकामं इंजिन ८५० फेऱ्यांवर शांत उभं ठेवणं हे मात्र मोट्रॉनिकसाहेबांनी वीस वर्षं कुरकूर न करता केलेलं काम होतं, आणि त्यांच्या निवृत्तीनंतर फाइल माझ्या टेबलावर आली. एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिनवर ओझं येतं. ते येण्याआधी क्षणभर थ्रॉटल किंचित उघडायला हवा. उशीर झाला तर गाडी बंद. फार उघडला तर नळ स्टॉपच्या सिग्नलवर गाडी मुलं शर्यतीला उभी राहतात तशी गुरगुरते आणि शेजारचा स्कूटरवाला बायकोकडे सहानुभूतीने बघतो. हेडलाइट लावले की व्होल्टेज पडतं, व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला जरा उशीर लावतो, आणि मिश्रण बिघडतं. त्याचाही वेगळा तक्ता.

"अरे, पण एसी लागतो ना?" बायकोने विचारलं.

"लागतो. गाडी चालू असेल तर."

"आणि एसी लावल्यावर गाडी चालू राहते?"

"तसं बघायला गेलं तर..."

"मला घोडे नकोत रे. मला थंड हवा हवीय."

थंडीतल्या स्टार्टची तर तऱ्हाच निराळी. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं, किती जास्त ते तापमानाप्रमाणे तक्त्यात भरायचं. पण इंजिन एकदा सुरू झालं की ते गरम होतं, आणि पुन्हा नीट गार व्हायला रात्र जाते. म्हणजे दिवसाला एकच प्रयोग. डिसेंबरभर रोज सकाळी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पार्किंगमध्ये, स्वेटरमध्ये, एकच चावी फिरवायचो. पेट्रोल कमी पडलं तर नुसतं कुईकुई. जास्त झालं तर प्लग ओले आणि दिवस संपला. वरच्या मजल्यावरचे काका फिरायला जाताना थांबायचे. "काय, आज?" "आज सव्वा सेकंद जास्त चालली, काका." मग ते शर्यतीचा निकाल कळल्यासारखे खूश होऊन टेकडीकडे जायचे. पुढे पुढे ते सोसायटीच्या गेटवर इतरांनाही सांगायला लागले. सेक्रेटरींनी फक्त धुराबद्दल एक पत्र दिलं, तेही नम्र.

जानेवारीत एका सकाळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, हजारावर गेली, हळूहळू ८५०ला आली आणि तिथेच थांबली. मी एसी लावला. सुई किंचित हलली आणि परत आली. हेडलाइट लावले, मागची काच गरम करायचं बटण दाबलं, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून बघितलं. बंद पडली नाही. मी तिथूनच ट्यूनरला फोन लावला.

"जमलं! थंडीतली स्टार्ट जमली!"

"वा, साहेब! अभिनंदन!" तो खरंच खूश झाला होता. "आता एप्रिलमध्ये या. दुपारी गरम गाडी दहा मिनिटं उन्हात बंद ठेवायची आणि परत सुरू करायची. त्याचा तक्ता अजून रिकामाच आहे."