अथ नॅसव्रतविधी

हे व्रत कोणी करावे? ज्याच्या घरी राऊटरशेजारी दहा-पंधरा वर्षांचा नॅस नावाचा काळा डबा घुरघुरतो, त्या डब्याच्या पोटात थोरल्याच्या बारशापासून धाकटीच्या साखरपुड्यापर्यंतचे फोटो आहेत, आणि ज्याने नुकताच विंडोज ११ चा लॅपटॉप आणला आहे, त्याने करावे. सगळे क्लाउडवर ठेवणाऱ्यांना नुसत्या श्रवणाचेही पुण्य मिळते.

साहित्य: लॅनची केबल, पासवर्ड टिपलेली जुनी डायरी आणि नवी हार्डडिस्क. डिस्क ऐपतीप्रमाणे नव्हे, डब्यातल्या डेटाप्रमाणे घ्यावी.

प्रथम फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘नेटवर्क’ उघडून डब्याचे दर्शन घ्यावे. ते बहुधा होत नाही. डब्याचा दिवा लुकलुकतो आहे ना, तेवढे पाहावे. मग राऊटरच्या पानावरून त्याचा आयपी पत्ता शोधून, आधी दोन उलट्या तिरप्या रेघा काढून, तो वरच्या पत्त्याच्या पट्टीत टाइप करावा. आता कौल मिळेल.

तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यांना मज्जाव आहे, असा कौल आल्यास भाग्य समजावे. (दोन खोल्यांच्या घरात ही संस्था कोणाची, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते, मोठ्याने विचारू नये.) डबा बिनपासवर्डाचा ‘गेस्ट’ आत घेतो आणि नव्या विंडोजच्या प्रो आवृत्तीला ते चालत नाही, एवढाच अर्थ. डब्याच्या सेटिंगमध्ये स्वतःच्या नावाचे खाते उघडावे, पासवर्ड द्यावा आणि त्याने आत शिरावे.

पण हे शेअर सुरक्षित नाही, याला एसएमबी १ लागते, असा कौल आला, तर आधी कहाणी ऐकावी.

आटपाट नगर होते, त्याचे नाव आयबीएम. तिथे १९८० च्या दशकात बॅरी फायगेनबाम यांनी एका संगणकाने दुसऱ्याच्या फाइली वाचाव्यात म्हणून एसएमबी ही बोली रचली. पुढे मायक्रोसॉफ्टने तिला वाढवले. बोली भोळी होती, समोरच्यावर लगेच विश्वास टाकायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा दैत्य तिच्याच एका भोकातून शिरला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांपर्यंत पोचला. वास्तविक त्या भोकाचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. अनेकांनी लावले नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मधून एसएमबी १ ला टप्प्याटप्प्याने निरोप मिळू लागला. तुमच्या डब्याला मात्र हे कोणी कळवले नाही.

कहाणी संपल्यावर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडून एसएमबी १.० खालच्या फक्त ‘क्लायंट’वर खूण करावी. ‘सर्व्हर’वर करू नये, आपल्याला डब्याकडे जायचे आहे, जगाला आपल्याकडे बोलवायचे नाही. लॅपटॉप रीस्टार्ट करावा. सेवेत खंड पडू देऊ नये, कारण शेजारची ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’ची खूण राहिली असेल आणि लॅपटॉप चालू असून पंधरा दिवस ही बोली कोणी बोलले नाही, तर विंडोज ती आपण होऊन काढून टाकू शकते आणि विधी पहिल्यापासून करावा लागतो. इतकी कडक देवता माझ्या पाहण्यात दुसरी नाही. ज्यांना हा जाच नको, त्यांनी डब्याला एफटीपी ही दुसरी बोली येते का पाहावे. क्रोमने २०२१ मध्ये एफटीपी टाकून दिले, पण फाइलझिला अजून मानते.

निषेध दोनच, पण घोर. डब्यातली डिस्क उपसून थेट विंडोजला जोडू नये. आतली मांडणी बहुधा लिनक्सची असते. विंडोजला ती वाचता येत नाही आणि ते नम्रपणे विचारते, फॉरमॅट करू का? तिथे ‘हो’ म्हणणाऱ्याच्या घरचे बारसे पुन्हा होत नाही. दुसरे, बाहेरगावहून फोटो दिसावेत म्हणून डबा इंटरनेटला उघडा करू नये. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डब्यांना २०१५ नंतर अपडेट नव्हते; जून २०२१ मध्ये त्यांतले कित्येक बाहेरून कोणीतरी परस्पर पुसून टाकले.

उद्यापन: सगळा डेटा नव्या डिस्कवर उतरवावा. जुन्या डब्याचे लॅन १०० मेगाबिटचे असेल, तर एक टीबीला आदर्श वेगानेही बावीस तास लागतात आणि आदर्श वेग कोणाला मिळत नाही. रात्री लावून झोपावे, लॅपटॉपला स्लीप बंद करून. सकाळी दोनचार फाइली खरोखर उघडून पाहाव्यात, नुसती नावे मोजू नयेत. मग ‘क्लायंट’वरची खूण काढावी आणि डबा ई-कचरावाल्याकडे देण्यापूर्वी त्याची डिस्क पुसावी. आता फॉरमॅटला ‘हो’ म्हणण्यास हरकत नाही.